मैदानाकडे पाठ

शाळेत क्रीडाशिक्षकांनी पहिल्यांदा हातात लोखंडी गोळा दिला आणि तो जिकडे टाकायचा त्याच दिशेकडे पाठ करून उभे राहायला सांगितले, तेव्हा आपली थट्टा चालली आहे असे मला वाटले होते. गोळा मानेला टेकवायचा, गुडघ्यात वाकायचे, मागच्या मागे सरकत वर्तुळ ओलांडायचे आणि अखेरच्या क्षणी गर्रकन वळून तो ढकलायचा, हा सारा खटाटोप कशासाठी, हे तेव्हा कोणी सांगितले नाही. माझा गोळा बहुधा माझ्याच पायांशी पडत असे.

ही उलटी उभे राहण्याची रीत अमेरिकेच्या पॅरी ओ'ब्रायन यांनी रूढ केली, हे मला फार उशिरा कळले. त्यांच्याआधीचे खेळाडू मैदानाकडे एक खांदा करून आडवे उभे राहत. वर्तुळाचा व्यास जेमतेम २.१३५ मीटर आणि पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, त्यामुळे एवढ्याशा जागेत गोळ्यावर जितका अधिक काळ जोर लावता येईल तितका तो लांब जाणार, हे ओळखून ओ'ब्रायन यांनी थेट पाठ फिरवली आणि अर्धे वर्तुळ वळत गोळ्याला जास्तीचा मार्ग मिळवून दिला. (नाव गोळाफेक असले तरी नियमाने गोळा फेकायचा नसतो, खांद्यापासून ढकलायचा असतो, मराठीने इथे थोडी सूट घेतली आहे.)

१९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी १७.४१ मीटरवर सुवर्णपदक जिंकले, तेही अवघ्या दोन सेंटिमीटरच्या फरकाने. त्यानंतर मात्र १९५६ पर्यंत सलग ११६ स्पर्धांत त्यांना कोणी हरवू शकले नाही. ८ मे १९५४ रोजी त्यांनी ६० फुटांची मर्यादा ओलांडली. पण दोनच दिवसांपूर्वी इंग्लंडचे धावपटू रॉजर बॅनिस्टर जगात पहिल्यांदाच चार मिनिटांच्या आत मैल धावले होते, त्यामुळे जगाचे कौतुक बरेचसे तिकडे खर्च झाले असावे.

१९५६ मध्ये मेलबर्नला पुन्हा सुवर्ण आणि १९६० मध्ये रोमला रौप्यपदक मिळाले. १९६४ मध्ये टोकियोला अमेरिकेचा ध्वज त्यांच्या हाती होता. तिथे त्यांचा गोळा १९.२० मीटरवर पडला, म्हणजे दोन्ही सुवर्णपदकांच्या वेळेपेक्षा लांब, आणि तरीही ते चौथे आले, कारण पुढे गेलेले तिघेही वर्तुळात मैदानाकडे पाठ करूनच उभे राहिले होते.