पोट भरलेली शिकारीण

आमच्या चिंगीला दोन वेळचं कॅट फूड, मध्येच आईच्या हातून बांगड्याचा तुकडा, वर कोणी दूध पीत असेल तर त्यातही वाटा. आणि तरी मागच्या तगरीवर बुलबुल बसला रे बसला की ही जी जमिनीला चिकटते ना! कान पुढे, शेपटीचं फक्त टोक हलतंय, मागचे पाय जागच्या जागी चुळबुळतायत. त्यात खिडकी बंद असेल तर काचेतून बघत तोंडाने तो विचित्र कट्कट्कट् आवाज, जबडा थरथरतोय. तेव्हा हाक मारून बघा, ओळखसुद्धा दाखवत नाही.

शेजारच्या काकू म्हणतात, नीट पोटभर खायला घाल गं, मग नाही मारणार. पण तसं नसतं. मांजराची शिकार म्हणजे उंदीर, सरडे, चिमण्या, एकाने काही भागत नाही, दिवसातून कितीतरी वेळा झडप घालायची आणि त्यातल्या बऱ्याच फुकट जायच्या, मग भूक लागायची वाट बघत बसलेलं मांजर रानात उपाशीच मरणार ना. म्हणून दिसलं की धर, भुकेचं नंतर बघू. 1976 साली एका प्रयोगात सहा मांजरांना, ती आपलं आवडतं खाणं खात असताना, जिवंत उंदीर दाखवला. सहाच्या सहा उठली, उंदीर मारला, तो ओढत खाण्यापाशी आणला आणि परत आधीचंच जेवण सुरू. मला तर हे वाचून चिंगीच डोळ्यासमोर आली.

मेलेला पक्षी दारात आणून ठेवला की लोक कौतुकाने म्हणतात, गिफ्ट आणलं बघ तुझ्यासाठी. मला काही हे पटत नाही. घर ही तिची सुरक्षित जागा, माल तिथेच आणणार. पायपुसण्यावर शिंजिराची मादी पडलेली होती, अंगठ्याएवढं अंग, बाकदार चोच, छातीवरची पिवळी पिसं नुसती ओली झालेली, रक्ताचा थेंब नाही, आणि बाईसाहेब शेजारी बसून पंजा चाटतायत. काय गिफ्ट घ्यायचं त्यात?

न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर 1894 साली दीपगृह सुरू झालं आणि त्या सुमारास माणसांबरोबर मांजरंही तिथे पोचली. तिथे एक छोटा, उडता न येणारा पक्षी राहायचा. मांजरांनी मारून आणलेल्या पक्ष्यांवरूनच शास्त्रज्ञांना कळलं की असा काही पक्षी आहे, आणि कळेपर्यंत तो जवळपास संपलेलाच. अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरं वर्षाला 130 ते 400 कोटी पक्षी मारतात असा 2013 चा अंदाज आहे, त्यातही मोठा वाटा बेवारस मांजरांचा. आमच्या सोसायटीत चिमण्यांना तांदूळ टाकणारं आणि पार्किंगमधल्या सगळ्या मांजरांना दूध-पोळी घालणारं माणूस एकच आहे, नसबंदीचं नाव काढलं की मात्र त्यांना पाप लागतं.

बरं, घुंगरू बांधू म्हटलं तर इंग्लंडमध्ये साडेतीनशेच्या आसपास मांजरांवर केलेल्या आणि 2021 मध्ये आलेल्या अभ्यासात घुंगराचा काही खास उपयोग दिसला नाही. भडक रंगाच्या कापडी कॉलरने घरी आणलेले पक्षी 42 टक्क्यांनी कमी झाले, कारण पक्ष्यांना रंग लांबून दिसतो. भरपूर मांस असलेल्या खाण्याने एकूण शिकार 36 टक्के कमी, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवलं तर 25 टक्के. म्हणून काठीला दोरी, दोरीला पीस, आणि संध्याकाळी मी घरभर पळतेय. चिंगी सोफ्याखालून झडप घालते, पीस दातात धरून मागच्या पायांनी लाथा झाडते, मग एकदम कंटाळून निघून जाते, मीच धापा टाकत उभी.

उन्हाळ्यात मात्र तिला मी सकाळ-संध्याकाळ कोंडतेच. बुलबुलाची पिल्लं नीट उडता यायच्या आतच घरट्यातून बाहेर पडतात आणि खालच्या फांदीवर येड्यासारखी बसून राहतात. चिंगी बाहेर दिसली की सातभाई पक्षी असा कलकलाट करतात की अख्ख्या बिल्डिंगला कळतं, पण पिल्लाला ते कळून उपयोग काय, त्याला उडायला तर यायला हवं.

बाबांना हे कोंडणं अजिबात आवडत नाही. पेपर वाचताना मागचं दार ते हवेसाठी म्हणून किलकिलं ठेवतात, आणि पेपर कधी येतो हे चिंगीला पक्कं पाठ आहे.