उलटा चिकटवलेला पक्षी

मी कोलाज आणि मिक्स्ड मीडिया करते, सगळं स्वतःच शिकलेलं, आर्ट कॉलेजचं तोंडही पाहिलं नाही. त्यामुळे कोणी जुनं काम रिपेअरला आणलं की मी आधी नाहीच म्हणते, ते कॉन्झर्व्हेटरचं, म्हणजे जुनी चित्रं जपणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं काम, त्याचं वेगळं शिक्षण असतं. पण एक काका आले, वडिलांनी रिटायर झाल्यावर केलेलं कोलाज घेऊन, कॉन्झर्व्हेटरचा खर्च झेपणारा नव्हता म्हणे. "ताई, सुटलेले तुकडे तेवढे चिकटवा, आणि तो पक्षी बाबांनी चुकून उलटा लावलाय तो सरळ करा."

वडीलही माझ्यासारखेच, कुणाकडे न शिकलेले. वय झाल्यावर कात्री हातात घेणारे लोक मला आवडतात. अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या मेरी डिलेनीने कागद कापून-चिकटवून केलेली फुलं 72 व्या वर्षी सुरू केली आणि जवळपास हजार केली, आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, मग रिटायरमेंट म्हणजे काहीच नाही!

फ्रेम उघडली तर तुकडे आपोआप सुटत होते. रबर सिमेंट, म्हणजे रबराचा गोंद. लावायला एकदम सोपं, कागद फुगत नाही, जास्तीचं बोटाने चोळून निघतं, म्हणून पूर्वी जाहिरातवाले पेस्टअपला (छपाईआधी मजकूर आणि चित्रं चिकटवून पान तयार करायला) हेच वापरायचे. पण वर्षं गेली की ते आधी पिवळं चिकट होतं, मग वाळून पकड सोडतं, डाग मात्र कागदात मुरून बसतो. वरचं आकाश वर्तमानपत्राचं, ते तर पार तपकिरी झालेलं, कारण त्या लगद्यात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहतं आणि उजेड-हवा लागली की रंग बदलतो. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी 1912 मध्ये चित्रात कागद चिकटवायला सुरुवात केली, पिकासोने लावलेली वर्तमानपत्रंही आता अशीच पिवळी पडलीयेत, तेव्हा त्याला इलाज नाही. खाली तळं होतं, मासिकाच्या गुळगुळीत निळ्या कागदाचं, त्याचा रंग बऱ्यापैकी टिकलेला, आणि त्या तळ्यात तो राखाडी पक्षी, पाय वर.

पक्षी पातळ सुरीने उचलला तर खाली पेन्सिलची आउटलाइन, तीही उलटीच. म्हणजे चुकून नाही, ठरवून लावलेला. मग टॉर्च आडवा धरून सगळा कागद बघत गेले (समोरून काही दिसत नाही, आडव्या उजेडात चिकटवलेली जागा चमकते) आणि आकाशात एक डाग सापडला, तपकिरीत तपकिरी, म्हणून इतकी वर्षं कोणाला दिसला नसणार. ट्रेसिंग पेपरवर पक्षी काढला, पालटून त्या डागावर ठेवला. चोच, शेपूट, सगळं बरोबर बसलं!

खरा पक्षी वर उडत होता आणि तो कधीतरी गळून पडला होता. घरात एवढी वर्षं लटकत होतं ते फक्त पाण्यातलं प्रतिबिंब. मला तर काटाच आला. काकांना फोन केला, ते आले, डाग बघितला, बराच वेळ काही बोललेच नाहीत. फ्रेमच्या तळाशी, माउंटच्या (चित्राच्या पुठ्ठ्याच्या) मागे शोधलं, धूळ निघाली, पक्षी नाही.

मग म्हणाले, तुम्हीच नवा कापून लावा ना. मी नाही म्हटलं. मला येत नाही असं नाही, पण कागद कुठला निवडायचा हा निर्णय त्यांच्या वडिलांचा होता, मी लावला तर ते माझं कोलाज झालं. कोलाजमध्ये अर्धं काम निवडण्याचंच असतं, कापणं-चिकटवणं नंतरचं.

सुकलेलं सिमेंट खोडरबराने हलकेच काढलं, गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ केली, ती पाण्याने परत सुटते म्हणजे पुढे कोणाला बदल करायचा असेल तर करता येईल. सगळे तुकडे लावून टीपकागदात वजनाखाली ठेवले. पक्षी उलटाच लावला, वरची जागा रिकामी.

काका जरा नाराज होऊनच गेले. परवा फोन आला की धाकट्या बहिणीला वरचा पक्षी आठवतोय, ती म्हणते लाल होता, आणि मोठी म्हणते छे, पक्षी एकच होता, आम्ही लहान असल्यापासून उलटाच. घरात वाद पेटलाय आणि दोघींनाही माझं मत हवंय.