ट्रीटमेंट संपली, आता हाताकडे कोण बघणार?

ऑपरेशन झालं, केमो झाली, शेवटचं रेडिएशनही झालं. केसपेपरवर तीन महिन्यांनंतरची तारीख पडते आणि बाई सोलापूरला घरी येऊन कामाला लागते. भाकरी, धुणं, पाणी भरणं आणि पूर्व भागात घरोघरी विड्या. स्तनाच्या कॅन्सरनंतर ही सगळी कामं ज्या हाताने करायची, त्या हाताचं पुढे काय होऊ शकतं हे तिला बहुतेकदा कुणी समोर बसवून सांगितलेलं नसतं. उपचारानंतरची सगळ्यात मोठी उणीव मला हीच वाटते.

काखेतल्या लसिकेच्या गाठी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं की हातातल्या लसिकेचा, म्हणजे अंगात फिरणाऱ्या पातळ द्रवाचा, निचरा होण्याच्या वाटा कमी होतात. मग पाणी साचून हात सुजतो. याला लिम्फेडिमा म्हणतात. वर्षा-दोन वर्षांनीही तो येतो, कधी त्याहून उशिरा. तपासणीसाठी एक-दोनच गाठी काढल्या असतील तर धोका बराच कमी, पूर्ण काख साफ केली असेल तर जास्त. डिस्चार्ज कार्डावर किती गाठी काढल्या, तो आकडा बघून ठेवा.

डोळ्यांना सूज दिसायच्या आधी जडपणा येतो. संध्याकाळी हात ओढल्यासारखा वाटतो, बांगड्या मनगटात रुततात, ब्लाऊजची एकच बाही घट्ट होते. शिंप्याकडची टेप घ्या आणि महिन्यातून एकदा, सकाळी, दोन्ही हात मोजा: मनगट, कोपराच्या खाली १० सेंमी, कोपराच्या वर १० सेंमी. तारीख घालून वहीत लिहा. कामाचा हात मुळातच जरा जाड असतो, म्हणून पहिलं माप सूज यायच्या आधीचं हवं. फरक २ सेंमीवर गेला किंवा महिन्यागणिक वाढत चालला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. लवकर सापडलेली सूज आटोक्यात राहते, जुनी झाली की कातडी टणक होते.

या सुजेवर पाण्याच्या गोळ्या चालत नाहीत. तेल लावून जोरात रगडणं, गरम शेक देणं यानं ती वाढू शकते. फिजिओथेरपिस्ट शिकवतात तो मसाज अगदी हलका, फक्त कातडी सरकवणारा असतो. सोबत मापाची कॉम्प्रेशन स्लीव्ह, म्हणजे हातावर दाब देणारी घट्ट बाही. सकाळी उठल्यावर चढवायची, रात्री झोपताना काढायची. दोन घ्या, एक धुवायला, एक हातात. साध्या साबणाने हातानेच धुवा, सावलीत वाळवा. साधारण सहा महिन्यांत तिचा ताण सैल होतो, मग ती बदलावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो तेव्हा स्लीव्ह नको-नकोशी होते, बायका ती खुंटीला टांगून ठेवतात आणि नेमका उन्हानेच हात फुगतो. निदान कामाच्या वेळी तरी ती काढू नका. पंजा सुजत असेल तर पंजाचा भागही हवा, नाहीतर सगळी सूज बोटांत उतरते.

विडी वळणाऱ्या बायांचं वेगळं सांगायला हवं. सूप मांडीवर, कोपर वाकलेले, मान खाली, आणि हजार विड्या भरेपर्यंत तासन्‌तास तीच बैठक. शिवाय पानं कापताना कात्रीचा कट लागतोच. या हातात जंतू शिरले की ते लवकर पसरतात. कट लगेच साबणाने धुवा, मलम लावा, झाका. हात लाल, गरम, दुखरा झाला आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, अँटिबायोटिक लागतं. तोवर मसाज बंद. दर अर्ध्या तासाने सूप बाजूला ठेवा, दोन्ही हात डोक्यावर घ्या, मुठी १५-२० वेळा उघडा-मिटा. भाकरी उलटताना वाफ बोटांवर येते, ते काम दुसऱ्या हाताने करा किंवा उलथनं घ्या.

‘या हाताने काही उचलायचंच नाही’ हा सल्ला आता जुना झाला. वापरला नाही तर खांदा आखडतो. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून सुरुवात करा आणि आठवड्या-आठवड्याने वजन वाढवा. घागर एकदम नको. हात अचानक, दुखत सुजला तर मात्र तो साधा लिम्फेडिमा धरून बसू नका. रक्ताची गुठळी किंवा आजार परतल्याचं कारण आधी तपासावं लागतं.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असेल तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी पाच वर्षं, काहींना दहा. ट्रीटमेंट संपली म्हणून गोळीही संपली असं समजून ती सोडणाऱ्या बायका आहेत, आणि हे फार महागात पडतं. अंगातून वाफा निघणं, सांधे धरणं, योनीचा कोरडेपणा, संबंधात दुखणं हे सगळं डॉक्टरांना सांगायचंच असतं, त्यावर उपाय आहेत. पाळी गेल्यावर टॅमॉक्सिफेन चालू असताना रक्त गेलं तर लगेच दाखवा. लेट्रोझोलवर हाडांची घनता तपासून घ्या.

दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, वर्षातून एकदा. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल सोलापूरहून सुमारे ७० किलोमीटर, एसटीत बायकांना अर्धं तिकीट. मुंबईला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाणाऱ्यांसाठी रेल्वेची कॅन्सर सवलत फेरतपासणीलाही लागू आहे, सोबतच्या माणसालाही. तिचा फॉर्म हॉस्पिटलच भरून देतं. ओपीडीतून निघण्याआधीच पुढच्या खेपेसाठी सही-शिक्का घेऊन ठेवा.