चौदा दिवसांची नोटीस आणि गेटसमोरचा रस्ता

चाकणच्या गेट मीटिंगमध्ये अजून ऐकू येतं, "संपाची चौदा दिवसांची नोटीस द्या, पंधराव्या दिवशी बसू." ही सवय महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्याची. २१ नोव्हेंबर २०२५ ला औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि ते गणित मोडलं.

तारखाच मांडून बघा. १ जूनला नोटीस दिली. पहिले चौदा दिवस संप नाही. नोटीस आली की समेट अधिकाऱ्याला, म्हणजे सरकारी मध्यस्थाला, दोन्ही बाजू बोलवाव्याच लागतात, आणि पहिली बैठक झाली की समेट सुरू झाला असं धरतात. ती १० जूनला झाली, तर त्याच्या अहवालाला १४ दिवस, म्हणजे २४ जून. समेट संपल्यावर आणखी ७ दिवस थांबायचं. झाली १ जुलै. इकडे नोटिशीचं आयुष्य ६० दिवसांचं, त्यामुळे ३१ जुलैच्या पुढे गेलात तर नवी नोटीस, नवा समेट. हातात उरतो फक्त जुलै महिना.

आणि त्या महिन्यात मॅनेजमेंटने औद्योगिक न्यायाधिकरणात अर्ज टाकला की तोही गेला. प्रकरण चालू असेपर्यंत आणि निकालानंतर ६० दिवस संप बेकायदा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात असा वाद न्यायाधिकरणाकडे पाठवायचा की नाही, हे सरकार ठरवायचं. आता समेट फसला की कोणतीही बाजू थेट जाऊ शकते. कामगाराला हे सोयीचं वाटतं, पण संपाच्या वेळी हेच दार उलटं बंद होतं. बेकायदा संपात उतरलेल्या कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा महिनाभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. एकाच दिवशी निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून कॅज्युअल लीव्ह टाकली तर तोही संपच. सुधारणा करायचीच तर आधी इथे करा: न्यायाधिकरणातल्या अर्जामुळे येणाऱ्या बंदीला दिवसांची मर्यादा घाला. आणि १९७१ च्या कायद्यात मान्यताप्राप्त युनियनला नोटिशीआधी सभासदांच्या बहुमताचं मतदान लागतं, ते संहितेत नाही. माझ्या मते ते यायला हवं. मतपत्रिका मोजून निघालेला संप आठवड्यात फुटत नाही.

पिकेटिंगचं, म्हणजे संपात गेटवर उभं राहून निदर्शनं करण्याचं, मात्र काहीच बदललं नाही. संपात नसलेल्यांना आत जाण्यापासून शरीराने अडवणं, घेराव, साहेबांच्या घरापुढे निदर्शनं, या अनुचित प्रथा, यादी जुनीच. काय चालतं, किती माणसं, गेटपासून किती अंतरावर, याची एक ओळ नाही. म्हणून मॅनेजमेंट कोर्टाचा मनाई हुकूम आणते आणि अंतर प्रत्येक कंपनीला वेगळं ठरतं. ब्रिटनच्या पिकेटिंग आचारसंहितेत एका दारावर साधारणपणे सहाच्या वर माणसं नकोत असं लिहिलंय. सहा आकडा आपल्याकडे हास्यास्पद वाटेल, पण आकडा आहे.

तोवर गेटवर गुन्हे कसे लागतात ते लक्षात ठेवा. पाळी बदलताना कंपनीची बस वळते, दहा-बारा जण बॉनेटसमोर येतात, सिक्युरिटीचा मोबाइल चालू असतो. घोषणा कितीही द्या. बस थांबली की भारतीय न्याय संहितेचं कलम १२६, बेकायदा अडवणूक. म्हणून एका बसच्या रुंदीची वाट कायम मोकळी ठेवा, दोन्ही कडेला दंडाला फीत बांधलेले स्वयंसेवक उभे करा, बूम बॅरिअरला हात लावू नका आणि आपलंही चित्रीकरण करा. पत्रकं वाटायची तर बस वळायच्या आधी, थांब्यावर.

आदल्या दिवशी जमावबंदीचा आदेश वाचा. चाकण पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं, रांजणगाव ग्रामीण पोलिसांकडे. एकीकडचा कागद दुसरीकडे चालत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खालची बंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही, तेव्हा आदेशावरची शेवटची तारीख बघा. कित्येकदा गेटवर दाखवलेला कागद संपलेला निघतो.