आधी विचार, बघायचं काय

माझ्या लग्नाला 19 वर्षं झाली. त्यातली निदान 15 वर्षं बाबा फोनवर एकच विचारायचे, "बाई, कोकणात कधी येऊ, ते सांग." माहेर वर्ध्याचं, सासर देवगड तालुक्यातलं. लग्न वर्ध्यालाच लागलं, त्यामुळे माझं घर बाबांनी फोटोतच पाहिलेलं. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत, गुडघे दुखतात, आणि वर्ध्याहून इथे यायचं म्हणजे सव्वा दिवसाचा प्रवास. असा प्रवास त्यांना वारंवार करायला लावणं मला पटत नव्हतं. एकदाच यावं आणि मनासारखं बघून जावं, म्हणून महिना निवडायची जबाबदारी मी घेतली. तो जमायला दीड वर्ष लागलं.

पहिल्यांदा मी माझ्याच आवडीने ठरवलं. मला इथला आषाढ-श्रावण फार प्रिय आहे. सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, कातळ दिसेनासा होतो, भातलावणीची गाणी ऐकू येतात, परसात टाकळा आणि कुर्डू या रानभाज्या उगवतात. म्हणून जुलै 2022 ला आई-बाबांना बोलावलं. दोघं महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूरपर्यंत आली, पुढे एसटीने घाट उतरायचा होता. त्याच रात्री घाटात दरड आली आणि रस्ता बंद झाला. दुसऱ्या घाटाने या म्हणायची माझी हिंमत झाली नाही. पलीकडे आंबोलीच्या घाटात वर्षाला 7000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा याच चार महिन्यांत. दोन दिवस लॉजवर राहून, अंबाबाईचं दर्शन घेऊन दोघं परत गेली. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी मे गाठला. भाचीला सुट्टी तेव्हाच, आणि मे म्हणजे आंबा, एवढाच माझा हिशोब. त्यातही तिकिटं मिळाली ती महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली. देवगडचा हापूस तोवर उतरलेला असतो. फेब्रुवारी-मार्चला पहिल्या पेट्या जातात, एप्रिलमध्ये भर असतो, मेच्या मध्यानंतर बागेत राहतात ती शेंड्याची चार फळं आणि रायवळ (गावठी) आंबे. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायच्या होड्याही मे संपता संपता बंद होतात, त्या थेट पाऊस ओसरल्यावर सुटतात. बाबांनी मालवणच्या धक्क्यावर उभं राहून लांबूनच सिंधुदुर्गाला हात जोडले.

आणि उकाडा! वर्ध्याच्या माणसाला उन्हाचं काय सांगायचं, असं मला वाटत होतं. तिकडे पारा 45 वर जातो. इथे तेव्हा 34 होता. पण वर्ध्याचं ऊन कोरडं असतं, घाम आला की वाळतो, कूलरसमोर बसलं की जीव थंड होतो. इथे हवेतच इतकं पाणी असतं की घाम वाळतच नाही आणि कूलरचा काही उपयोग होत नाही. दुसऱ्या रात्री बाबा पडवीत सदरा पिळत बसले होते. म्हणाले, "आपलं 45 बरं होतं बाई." विहीर तळाला गेलेली, त्यामुळे अंघोळीचं पाणीसुद्धा मोजून. फणस, करवंदं, रातांब्याचं ताजं सरबत, सगळं होतं, पण त्यांच्या अंगात खायची ताकदच राहिली नव्हती. पाचव्या दिवशी मीच त्यांना गाडीत बसवून दिलं.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला समोर बसवलं. त्या फार बोलत नाहीत. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आधी त्यांका इचार, बघूचा काय असा? मगे म्हयनो ठरय."

इतकी साधी गोष्ट मी इतक्या वर्षांत विचारली नव्हती. फोन लावला. बाबांनी आधीच मनात यादी करून ठेवली असावी तसे भराभर बोलले: रात्रभर चालणारा दशावताराचा खेळ, समुद्रातला किल्ला आणि झाडावरचा हापूस.

मग मी वही घेतली आणि सासूबाईंना एकेक महिना विचारत गेले. वर्षभराचं सगळं त्यांच्या डोक्यात आहे, पण इंग्रजी महिन्यांत नाही. त्या मिरगापासून, म्हणजे जूनमधल्या मृग नक्षत्रापासून, सुरू करतात. मिरगाला राखण (राखणदार देवाचा मान) आणि कोंबडी. नारळी पुनवेला समुद्राला नारळ. भाद्रपदात गणपती, तेव्हा सगळे चाकरमानी घरी, आणि तो सोडून कोणाला वेळ नाही. दसऱ्याच्या आगेमागे भातकापणी, त्यातच ऑक्टोबरचं ऊन, तेव्हा पाहुणा नको. तुळशीचं लग्न लागलं की जत्रांना सुरुवात. गावोगावच्या देवळांत रात्री दशावतार आणि पहाटे दहीकाला, ते पुढे महाशिवरात्रीपर्यंत आणि नंतरही चालूच. कुणकेश्वरची यात्रा महाशिवरात्रीला. शिमगा फाल्गुनात, तोही रत्नागिरीकडचा वेगळा आणि आमचा वेगळा. तिकडे पालखी घरोघर येते, नमन-खेळे असतात. आंगणेवाडीच्या जत्रेला मात्र तिथीच नाही, भराडीदेवीचा कौल, म्हणजे होकार, मिळाला की तारीख ठरते. आणि मालवण तालुक्यात आचऱ्यासारख्या गावात तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन गावपळण होते. अख्खा गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहतो. त्या दिवसांत पाहुणे आले तर त्यांनाही झोपडीतच राहावं लागेल. (मला विचाराल तर तो अनुभव कोणी देत असेल तर सोडू नये.)

वही भरल्यावर दिसलं, की बाबांच्या यादीतल्या दोन गोष्टी थंडीतल्या आणि तिसरी एप्रिलमधली. तिन्ही एका खेपेत बसत नाहीत. दशावतार आणि किल्ला धरायचा, हापूस पेटीने पाठवायचा, असं मी ठरवलं आणि बाबांना तसं सरळ सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग हो म्हणाले.

आमच्या गावची जत्रा मार्गशीर्षात पौर्णिमेच्या अलीकडे असते. 2022 ला ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली होती. मी त्याच अंदाजाने तिकिटं काढणार होते, तेव्हा ह्यांनी कालनिर्णय समोर धरलं. 2023 ला श्रावण अधिक होता, त्यामुळे पुढचे सगळे सण सरकले आणि जत्रा 20 डिसेंबरच्या पलीकडे गेली. म्हणजे नाताळच्या सुट्टीची गर्दी. तारकर्ली-मालवणला त्या दिवसांत गाड्यांची रांग लागते आणि राहायला जागा मिळत नाही. आमचं घर होतं म्हणून निभावलं. पण ज्यांना जत्रेसाठी यायचं असेल त्यांनी गेल्या वर्षीची तारीख धरू नये, आधी गावात फोन करावा. किल्ला आम्ही जत्रेच्या आधीच उरकायचा ठरवला, गर्दीच्या आत. रेल्वेचं आरक्षण तेव्हा 120 दिवस आधी उघडायचं, आता 60 दिवस आधी उघडतं. आम्ही उघडल्या दिवशी काढलं. नागपूरहून मडगावला जाणारी विशेष गाडी तेव्हा वर्ध्याला थांबायची आणि कणकवलीला उतरता यायचं, त्यामुळे घाट नको, बदली नको.

डिसेंबरच्या मध्याला दोघं उतरली तेव्हा बाबांनी प्लॅटफॉर्मवरच मफलर काढून हातात घेतला. दिवसा कोवळं ऊन, पहाटे पांघरूण लागेल एवढीच थंडी. सड्यावरचं गवत वाळून आडवं झालं होतं. पावसात पाण्याखाली असलेली कातळशिल्पं आता मोकळी होती, म्हणून एक दिवस कुडोपीला गेलो. बाबा एका आकृतीच्या कडेकडेने चालत राहिले, काठी कातळाला लागू न देता. किल्ल्यावर होडीतून उतरताना दोन पोरांनी त्यांना अलगद धरलं. 1664 साली शिवाजी महाराजांनी ज्याचं बांधकाम सुरू केलं, त्या किल्ल्यात चारी बाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडं पाणी आहे. बाबा साखरबावच्या काठावर किती वेळ वाकून होते. शेवटी आईने त्यांचा सदरा मागून धरून ठेवला.

जत्रेच्या रात्री बाराच्या पुढे पालखी देवळाभोवती फिरली आणि मग दशावतार सुरू झाला. पेटी, पखवाज, झांज, एवढंच. लिहिलेली संहिता नाही, कथा ठरते आणि संवाद तिथल्या तिथे. त्याआधी मी बाबांना मागच्या बाजूला नेलं होतं, जिथे नाटक कंपनीतले लोक स्वतःचं तोंड स्वतः रंगवत होते. एक जण, वय पन्नाशीचं असेल, पेटीच्या झाकणाला आतून लावलेल्या आरशात बघून नऊवारीचा पदर खांद्यावर बसवत होता. पदर बसला तसं त्याचं बसणंच बदललं, मान वळली, बोटं वेगळी झाली. बाबा माझा हात धरून उभे होते. त्यांनी हात एकदम दाबला.

संकासूर राक्षस आला तेव्हा पोरं किंचाळली. काळा वेश, लोंबणारी लाल जीभ आणि तोंडात अस्सल मालवणी. बाबांना निम्मं कळत नव्हतं, मी कानात सांगत होते. तीनच्या सुमारास मी म्हटलं, "घरी जाऊ या का?" त्यांनी नुसती मान हलवली. शाल पांघरून, प्लॅस्टिकच्या खुर्चीत पाय वर घेऊन ते पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत बसले. काल्याचा प्रसाद दोन्ही हातांत घेऊन उभे राहिले, आणि गुडघ्याबद्दल एक शब्द नाही.

परतताना वाटेत आमची बाग लागते. कलमांना मोहोर आला होता, पहाटेच्या दवात त्याचा वास जड होऊन खाली उतरला होता. बाबा थांबले. सासूबाईंनी हाताशी आलेला एक तुरा न तोडता नुसता वाकवून त्यांच्या नाकाजवळ नेला. एप्रिलमध्ये वर्ध्याला पेटी गेली तेव्हा तिच्यात त्याच झाडाचे आंबे होते. ह्यांनी वेगळे काढून ठेवले होते.

या सगळ्यात आईला मी काहीच विचारलं नव्हतं. निघताना कणकवली स्टेशनवर तीच म्हणाली, "मला पाऊस बघायचाय. तुमचे गणपती आणि पाऊस, दोन्ही." गणपतीची तिकिटं काही मिनिटांत संपतात. वहीत मी त्यांच्या निघायच्या तारखेपासून 60 दिवस मागे मोजून ठेवलेत, आणि त्या तारखेला सकाळी आठला मोबाइल घेऊन बसायचं काम भाचीकडे दिलंय.