पटावर आहे, पोर्टलवर अवैध

मुलगा बाकावर बसलेला आहे. सप्टेंबरभर त्याच्या नावापुढे एकही गैरहजेरी नाही. सातवीत आहे म्हणून रोज त्याच्या वाट्याचे १५० ग्रॅम तांदूळ शिजतात, आणि तो दोनदा मागून खातो. पण संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवायच्या सरकारी हिशेबात हा मुलगा नाहीच. कारण काय, तर आमच्या नोंदीत त्याच्या आडनावात अपॉस्ट्रॉफी आहे आणि आधारवर तिथे मोकळी जागा.

नागपुरातल्या एका कॅथलिक मुलांच्या अनुदानित शाळेत ऑनलाइनची सगळी कामं माझ्याकडे आहेत. लोक विचारतात, मिशनच्या शाळेला सरकार पैसे कसं देतं? देतं, आणि ते काही उपकार म्हणून नाही. राज्यघटनेचं कलम ३०(२) सांगतं की संस्था अल्पसंख्याकांची आहे म्हणून अनुदानात दुजाभाव करता येत नाही. पण याचा अर्थ सवलत मिळते असाही नाही. मंजूर पदांचा पगार येतो, मंजूर पदं संचमान्यतेतून ठरतात, संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावरून होते आणि त्या पटात आधार वैध असलेलीच मुलं धरतात. म्हणजे एका मास्तरची नोकरी शेवटी कुणाच्या तरी नावातल्या एका अक्षरावर येऊन टेकते.

यू-डायस या सरकारी पोर्टलवरची शाळेची आणि मुलांची माहिती, दरमहाचं वेतन देयक, आठवीपर्यंतची मोफत पुस्तकं, हे सगळं सुरळीत होतं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात यादी काढली तर १९ मुलं अवैध, आणि आमचं एक पद नेमकं काठावर. पहिला धडा इथेच देऊन टाकतो, कारण मी तो चुकून शिकलो: अंदाजाने अक्षरं बदलत बसू नका. आधारकडून उत्तर येतं ते फक्त जुळलं किंवा नाही जुळलं. नाव चुकलं की तारीख की लिंग, ते कोणी सांगत नाही. मी पहिल्या दिवशी एक एच काढ, एक एच घाल, असं करत तीन मुलं वैध करून घेतली आणि स्वतःवरच खूश झालो. दोन दिवसांनी लक्षात आलं की त्यातल्या एकाचं शाळेच्या नोंदीतलं नावच मी बदलून बसलोय. जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या मूळ प्रवेश नोंदवहीत एक, पोर्टलवर दुसरं. दहावीचा बोर्डाचा अर्ज भरताना हे निस्तरायला लागलं असतं.

बरोबर पद्धत अशी. यू-डायस प्लसवर मुलाचं शाळेच्या नोंदीप्रमाणे नाव आणि आधारप्रमाणे नाव असे दोन वेगळे रकाने आहेत. पहिल्याला हात लावायचा नाही. दुसऱ्यात आधारवर जसं आहे तसंच, चुकीसकट, टंकायचं. आणि ते झेरॉक्सवरून नाही. झेरॉक्स पाच वर्षांपूर्वीच्या कार्डाची असते, मधल्या काळात बापाने दुरुस्ती केलेली असते आणि मुलाच्या आईला ती माहीत नसते. पालकाचा मोबाइल आधारला जोडलेला असेल तर नवीन ई-आधार उतरवून घ्या आणि त्यावरचा क्यूआर कोड आधारच्याच अ‍ॅपने वाचा. अक्षर न् अक्षर समोर येतं. कार्डावरचं मराठी नाव बघून समाधान मानू नका, पडताळणी इंग्रजी नावाची होते. मराठीत ‘जोसेफ’ अगदी बरोबर आणि इंग्रजीत शेवटी एफ, असे आमच्याकडे तिघं निघाले.

१९ पैकी ११ मुलं एवढ्यानेच सुटली.

आमच्या शाळेत नावांचा घोळ जास्त का, तेही सांगतो. महाराष्ट्राच्या नोंदीला नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन भाग लागतात. आमची निम्मी कॅथलिक मुलं त्या साच्यात बसतच नाहीत. रेल्वेच्या नोकरीमुळे नागपुरात स्थिरावलेल्या तमिळ घरांत आडनाव नसतं, बापाच्या नावाचं आद्याक्षर असतं. ते कधी पुढे येतं, कधी मागे. वसतिगृहात छत्तीसगड-झारखंडकडची एक्का, तिर्की, कुजूर मुलं आहेत. त्यांच्या आधारवर नाव आणि आडनाव दोनच. कारकुनाने प्रवेशाच्या वेळी मध्ये बापाचं नाव घातलं की झालं अवैध. डिसूझा, डिमेलो मंडळींचं तर सुरुवातीलाच सांगितलं. आणि ज्या मुलांची जन्मतारीख १ जानेवारी आहे त्यांच्याकडे आधी बघा. आधार काढताना तारखेचा पुरावा नसेल तर फक्त वर्ष सांगितलं जायचं आणि यंत्र १ जानेवारी धरायचं.

पाच मुलांचं आधारच दुरुस्त करावं लागलं. इथे घाई महागात पडते. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून आधी जन्मदाखला आणि जनरल रजिस्टर समोरासमोर ठेवा, अंतिम नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, पालकाची सही घ्या आणि मगच केंद्रावर पाठवा. चालक टंकलेलं दाखवतो तेव्हा पालक ‘हो हो’ म्हणून मोकळे होतात. तो कागद हातात असला की निदान ताडून बघतात. पावतीवरचा नोंदणी क्रमांक शाळेत लिहून ठेवा, नाहीतर नाकारलेला अर्ज महिनाभर कुणाला कळत नाही.

वसतिगृहाच्या मुलांसाठी वॉर्डन फादर स्वतः केंद्रावर गेले आणि हात हलवत परत आले. कुटुंबप्रमुखाच्या आधार कार्डावरून दुरुस्ती करायची तर आई, बाप किंवा कायदेशीर पालकच लागतो. वॉर्डन हा पालक नव्हे. ही मुलं उन्हाळ्यात गावी जातात तेव्हाच काम करून यायला हवं. दिवाळीपर्यंत थांबलात तर ३० सप्टेंबर केव्हाच निघून गेलेला असतो.

दोन मुलं दुसऱ्या शाळेच्या पटावर अडकली होती. शाळा सोडल्याचा दाखला दिलेला, पण पोर्टलवरून सोडलेलं नव्हतं. तिथे पत्र पाठवून काही होत नाही. तिथल्या ऑनलाइनवाल्या मास्तरचा नंबर शोधा आणि फोन करा, दहा मिनिटांचं काम. परराज्यातल्या मुलाचा पेन (पोर्टलवरचा कायमचा विद्यार्थी क्रमांक) आणि जन्मतारीख प्रवेशाच्या दिवशीच मागून घ्या.

राहिला एक. या एकाने बाकीच्या १८ जणांपेक्षा जास्त दिवस खाल्ले.

याच्या आधारवरची जन्मतारीख जन्मदाखल्याशी जुळत होती. चूक आमच्याच जनरल रजिस्टरमध्ये होती. प्रवेशाच्या वेळी आईने जन्मदाखल्याऐवजी बाप्तिस्म्याचा दाखला आणला होता. त्यावर एकाखाली एक दोन ओळी असतात, जन्म केव्हा आणि बाप्तिस्मा केव्हा. दोन्हींत २३ दिवसांचा फरक. कारकुनाची नजर खालच्या ओळीवर पडली आणि मुलगा २३ दिवसांनी लहान झाला. बाप्तिस्म्याचा दाखला चर्चसाठी कितीही पवित्र असला तरी सरकारी कामात जन्माचा पुरावा म्हणून चालत नाही. तो घ्यायचाच नव्हता.

आता जनरल रजिस्टरमधली तारीख मुख्याध्यापकही आपल्या अधिकारात बदलू शकत नाहीत. सक्षम अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागते आणि त्यासाठी प्रस्ताव. पालकाचा अर्ज, जन्मदाखला, रजिस्टरचा उतारा, मूळ प्रवेश अर्जाची प्रत, प्रतिज्ञापत्र, मुख्याध्यापकांची शिफारस. सहा कागद. जोडले, दिले आणि वाट बघितली.

पहिली त्रुटी तीन आठवड्यांनी आली: प्रती साक्षांकित नाहीत. बरोबर आहे, माझीच चूक. प्रत्येक पानावर ‘मूळ प्रतीवरून तपासले’ असा शिक्का, सही आणि तारीख हवी, नुसत्या पहिल्या पानावर नाही. दुरुस्त करून दिलं. दुसरी त्रुटी आणखी काही आठवड्यांनी: रजिस्टरमधली तारीख बाप्तिस्म्याचीच आहे, याला पुरावा काय? प्रश्न रास्त. पण मुलाचा बाप्तिस्मा आईच्या माहेरी, इटारसीला झालेला. तिथल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या फादरकडून नोंदवहीचा प्रमाणित उतारा मागवला. त्यात दोन्ही तारखा, नोंदवहीचा खंड, पान आणि नोंद क्रमांक लिहायला सांगा, नुसतं ‘प्रमाणित करण्यात येते की’ नको. टपालात दोन आठवडे गेले.

तिसरी त्रुटी ऐकून मात्र टाळकं सरकलं. जन्मदाखल्यावर मुलाचं नावच नाही! आईबापाचं नाव आहे, दवाखाना आहे, तारीख आहे, मुलाच्या नावाचा रकाना कोरा. बाळाचं नाव ठरायच्या आधी नोंदणी झाली की असं होतं आणि नंतर कुणी बघत नाही. आता सांगा, हा कोरा रकाना पहिल्या दिवसापासून तिथेच होता ना? तीनही त्रुटी पहिल्याच वेळी एका कागदावर लिहून देता आल्या असत्या. पण नाही, एका वेळी एक, आणि दोन त्रुटींच्या मध्ये तीन-चार आठवडे. ते कार्यालय कुठलं, ते लिहीत नाही. लिहून काही फरकही पडणार नाही.

एक मात्र कबूल करतो. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं (शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला क्रमांक) प्रकरण बाहेर आलं, तेव्हापासून शाळांचे कागद दोनदा उलटून बघतात. बघायलाच पाहिजे. फक्त एकदाच बसून पूर्ण बघा, एवढंच म्हणणं.

कोऱ्या नावाचा उपाय सोपा आहे, फक्त माहीत हवा. जन्मनोंदणी जिथे झाली तिथेच नाव घालून मिळतं. पहिल्या वर्षात फुकट, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मुलगा बारा वर्षांचा होता म्हणून निभावलं. तुमच्या शाळेत आठवी-नववीतल्या कुणाचा रकाना कोरा असेल तर आजच बापाला बोलवा.

एवढ्यात ३० सप्टेंबर गेला. आम्हा विदर्भवाल्यांना तसेही दिवस कमी मिळतात. उन्हामुळे शाळा उघडतात जूनच्या शेवटी, मग पोळा, तान्हा पोळा-मारबतची स्थानिक सुटी, गणपती. १५ ऑगस्टला आमच्याकडे झेंडावंदन आणि मारियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण एकाच दिवशी, म्हणजे आदले चार दिवस बँडच्या सरावात. आणि नोव्हेंबरपर्यंत फाइल निघाली नाही तर हिवाळी अधिवेशन. तेव्हा नागपुरातल्या प्रत्येक कार्यालयात तारांकित प्रश्नांची उत्तरं सोडून दुसरं काही हलत नाही. आमची फाइल डिसेंबरभर तिथेच होती.

पद वाचलं, कारण बाकीचे १८ वेळेत वैध झाले. त्यात मोठा वाटा रविवारचा. पालकांना शाळेत बोलवा, निम्मे येत नाहीत. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना संपल्यावर सूचनांच्या वेळी फादरनी यादी वाचली आणि पॅरिश हॉलमध्ये टेबल टाकून बसलो, तर दीड तासात सगळी कॅथलिक घरं उरकली. बाकीच्या मुलांच्या घरी डायरीतून निरोप, आणि तरीही न आलेल्यांसाठी फुटबॉलचे सर. मैदानावरून काढून टाकीन म्हटलं की आधार दुसऱ्या दिवशी हजर.

चर्चचं आणि शाळेचं असं एकत्र चालतं तिथे पैशाची सरमिसळ मात्र होऊ देऊ नका. अनुदानाचं खातं वेगळं, सत्र शुल्काचं वेगळं, संस्थेचं वेगळं. सणाची मिठाई, चॅपलची फुलं, गायकवृंदाचा हार्मोनियम हे संस्थेच्या खात्यातून. वेतनेतर अनुदानातून असलं एक बिल गेलं की लेखापरीक्षक पुढची पाच वर्षं तेच बोट ठेवतो. तसंच कलम २८(३)चं: अनुदानित शाळेत धर्मशिक्षण किंवा उपासना पालकाच्या संमतीशिवाय नाही. आमच्याकडे कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास असतो तेव्हा बाकीच्यांना मूल्यशिक्षण, आणि संमतीपत्रांची फाइल कपाटात वरच्याच कप्प्यात. तपासणीला आले की पहिल्यांदा तीच मागतात.

मंजुरी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आली. जुन्या तारखेवर लाल शाईने एकच आडवी रेघ, जुनी नोंद वाचता आली पाहिजे. वर नवी तारीख, अंकी आणि अक्षरी. बाजूला आदेशाचा क्रमांक, दिनांक, मुख्याध्यापकांची सही. व्हाइटनर लावलात तर पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर पोर्टलवर दुरुस्ती, आणि संध्याकाळी मुलगा वैध.

यंदापासून प्रवेश अर्जावर दोन चौकटी छापून घेतल्या आहेत. एक जन्मतारखेची, तिच्याखाली ‘जन्मदाखल्यावरूनच’ आणि ‘दाखल्यावर मुलाचे नाव आहे का? होय / नाही’. दुसरी बाप्तिस्म्याच्या तारखेची, ती अर्जाच्या मागच्या बाजूला.