डावा हात लगामाला

पोलो शिकायला जाते म्हटल्यावर घरच्यांना वाटलं, बाईमाणूस बघून मला परत पाठवतील. अडलं भलत्याच ठिकाणी. पुण्यात पहिल्या दिवशी सरांनी मॅलेट, म्हणजे घोड्यावरून चेंडू मारायची लांब काठी, पुढे केली, मी डावा हात पुढे केला. "मॅडम, उजवा."

मी जन्माची डावखुरी. जेवताना आजीचे फटके खाल्ले, तरी सुधारले नाही. पण इथे नियमच आहे, मॅलेट उजव्याच हातात. सरांनी मातीत रेघ ओढली. ही चेंडूची वाट. दोघं समोरासमोर आले, तर दोघांनीही चेंडू आपल्या उजवीकडे ठेवायचा, म्हणजे घोडे शेजारून निघून जातात. त्यात डावखुरा घुसला की सरळ टक्कर. वाद घालायला जागाच नव्हती.

बाकी पोलोत बायका पुरुषांबरोबर एकाच संघात खेळतात. हेही सुखासुखी झालेलं नाही. अमेरिकेत स्यू सॅली हेल वीसेक वर्षं मस्काऱ्याने मिशी काढून 'ए. जोन्स' या नावाने खेळली. तिथल्या संघटनेने बायकांना घेतलं 1972 साली. तिच्यापुढे माझं दुखणं ते काय!

रविवारी पहाटेची एसटी धरून पुणे, बाकी दिवस सातारा. रोज घोडा कुठून आणणार? सुताराकडून बाभळीचा लाकडी घोडा करून घेतला, त्यावर जुनं खोगीर टाकलं. काका म्हणाले, "बेंदराला ह्यालाबी झूल घालायची का गं?" त्या घोड्यावर बसून रोज शंभर फटके. मॅलेटच्या डोक्याच्या टोकाने नाही, आडव्या बाजूने मारायचं. मनगटाला पट्ट्याचा वळ, अंगठ्याच्या बुडाशी फोड. आठवडाभर उजव्या हाताने चहाचा कपसुद्धा उचलवेना.

खऱ्या घोड्यावर मात्र गंमत झाली. डाव्या हातात लगामाच्या चार वाद्या धरायच्या असतात. बरोबरची उजवी मंडळी तिथेच गोंधळायची. माझा डावा हात घोड्याशी जणू बोलायचा. वळ म्हटलं की वळला.

दीड वर्षाने पहिला सामना. सात मिनिटांच्या चक्करमध्ये, म्हणजे पोलोच्या एका डावात, माझी मॅलेट चेंडूला तीनदा लागली. चौथ्यांदा चेंडू डावीकडे आला. उजवा हात घोड्याच्या मानेवरून पलीकडे न्यायचा, अर्धं अंग लोंबकळतं. मारला. चेंडू जेमतेम दहा पावलं गेला. मागून आमचाच खेळाडू ओरडला, "सोडा ताई, मी घेतो!"

सोडला नाही.